कंपायलर म्हणेल ती पूर्व दिशा?

सी भाषेची तोंडी परीक्षा ज्याने कधी दिली आहे, त्याला हा प्रश्न ओळखीचा असेल. ‘आय’ या व्हेरिएबलची किंमत ५ आहे. एकाच प्रिंटएफमध्ये ओळीने आय, आय++ आणि ++आय छापायचे. पडद्यावर काय येईल? आपल्याकडच्या क्लासच्या नोट्समध्ये, कॉलेजांच्या प्रश्नसंचांत आणि कॅम्पसच्या लेखी परीक्षांत याचं उत्तर ठरून गेलेलं आहे: ७ ६ ६. ‘आर्ग्युमेंट्स उजवीकडून डावीकडे सोडवली जातात’ हे स्पष्टीकरणही पाठ असतं. कुणी शंका काढलीच तर टर्बो सी उघडून दाखवला जातो, आणि खरोखरच ७ ६ ६ येतं. हातच्या काकणाला आरसा कशाला!

या आत्मविश्वासामागे एक पक्का पूर्वपक्ष आहे. भाषा म्हणजे कंपायलर चालवतो ती. मानक म्हणजे जिनिव्हात छापला जाणारा, विकत घ्यावा लागणारा आणि कुणी न वाचणारा कागद. कंपायलर मानकाप्रमाणे आहे असं त्याचे कर्तेच सांगतात. तेव्हा त्याने स्वीकारलं ते मानकाप्रमाणे आणि नाकारलं ते चूक. हे मत फक्त परीक्षार्थींचं आहे असं समजू नये. वर्षानुवर्षं कोड लिहिलेली मंडळीही ‘जीसीसीवर चालतं ना, मग ते एएनएसआय सीच आहे’ असं म्हणतात. पुढे जीसीसीची नवी आवृत्ती येते, तोच कोड गडबडतो, आणि तीच मंडळी ‘जीसीसी बिघडला, आता तो मानकाप्रमाणे राहिला नाही’ म्हणून हात झटकतात. वरकरणी ही दोन विधानं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीत आहे: मानक म्हणजे कंपायलरच्या वागण्याचं वर्णन. माझं म्हणणं असं, की मानक हा करार आहे, प्रोग्राम लिहिणाराही त्यातला एक पक्ष आहे, आणि त्याने आपली बाजू पाळली नसेल तर ‘कंपायलर मानकाप्रमाणे आहे का’ हा प्रश्नच त्या ठिकाणी उभा राहत नाही.

आधी ते ७ ६ ६ येतं कुठून हे पाहू. ८०८६ वर फंक्शनला द्यायच्या किमती स्टॅकवर ठेवल्या जात. प्रिंटएफला किती किमती मिळणार हे आधी ठाऊक नसतं. ते फॉरमॅटच्या स्ट्रिंगवरून कळतं. म्हणून ती स्ट्रिंग स्टॅकच्या माथ्यावर, ठरल्या जागी सापडायला हवी. माथ्यावर हवी तर सगळ्यात शेवटी ठेवायला हवी, म्हणजे सुरुवात उजव्या टोकाकडून करायला हवी. टर्बो सी किंमत ठेवता ठेवताच काढतो. ++आय केलं, ६ ठेवले. आय++ चे ६ ठेवले आणि आय ७ झाला. मग आयचे ७ ठेवले. झाले ७ ६ ६. भाषेचा नियम म्हणून पिढ्यांनी घोकलेली ही गोष्ट एका चिपवरची आणि एका कंपायलरची सोय होती. आजच्या ६४-बिट लिनक्सवर, नेहमीच्या इंटेल किंवा एएमडीच्या मशीनवर, पहिल्या सहा किमती रजिस्टरांमधून जातात. तिथे उजवीकडून सुरुवात करण्याचं ते कारणच उरत नाही. क्लँग हा कंपायलर हाच प्रोग्राम डावीकडून सोडवतो आणि ५ ५ ७ छापतो. जीसीसीकडून बहुधा ७ ६ ७ येतं, कारण ++आयची किंमत तो तिथल्या तिथे टिपून ठेवत नाही. सगळी वाढ करून झाल्यावर आयमध्ये काय उरलंय ते पाहतो.

तिघांपैकी मानकाप्रमाणे कोण? तिघंही. आर्ग्युमेंट्स कोणत्या क्रमाने सोडवायची हे मानकाने मुद्दाम मोकळं सोडलं आहे. त्यावर एकाच व्हेरिएबलला, मधे कोणताही क्रम न लावता, दोनदा बदललं तर मानक त्याला अनडिफाइन्ड बिहेवियर म्हणतं. म्हणजे ‘उत्तर अनिश्चित’ एवढंच नव्हे, तर या प्रोग्रामबाबत कंपायलरवर कसलंच बंधन नाही. ७ ६ ६ छापा, काहीच छापू नका, प्रोग्राम मधेच कोसळू द्या; करारभंग होत नाही. परीक्षेत चार पर्याय देतात आणि बरोबर असलेला पाचवा छापतच नाहीत. आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने जीसीसीचं पोट उघडून दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या आहेत, त्यामुळे हे ज्ञान आपल्या राज्यात नाही अशातला भाग नाही. ते प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांपर्यंत पोचलेलं नाही, इतकंच.

आता टर्बो सीला झोडपणाऱ्यांचाही समाचार घ्यायला हवा, कारण तेही याच गैरसमजाच्या दुसऱ्या टोकाला उभे आहेत. कर्निघन आणि रिची यांचं पुस्तक १९७८ चं. त्यानंतर जवळपास दशकभर ते पुस्तक आणि हाती असलेला कंपायलर एवढाच काय तो आधार होता. अमेरिकेत एएनएसआयची एक्स३जे११ ही समिती १९८३ मध्ये बसली, तिचं मानक १९८९ मध्ये आलं, आणि आयएसओने ते १९९० मध्ये उचललं. बोरलँडचा टर्बो सी बाजारात आला १९८७ मध्ये. सी++ ची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. तिचं पहिलं आयएसओ मानक १९९८ चं, आणि टर्बो सी++ १९९० चा. त्यात नेमस्पेस नाही, ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ लिहावं लागतं, म्हणून तो ‘मानक मोडतो’ असं म्हणणाऱ्यांनी निदान कालक्रम तरी पाहावा. जे मानक जन्मालाच आलं नव्हतं ते मोडणार कसं? दोष असलाच तर ज्यांनी तो कंपायलर मानकानंतरही वर्षानुवर्षं अभ्यासक्रमांत ठाण मांडून बसू दिला त्यांचा. त्याच्या इंट या प्रकाराला दोन बाइट लागतात आणि आजच्या मशीनवर चार, हाही काही गुन्हा नाही. इंटमध्ये −३२७६७ ते ३२७६७ एवढं मावलं पाहिजे, यापलीकडे मानकाचा आग्रह नाही.

‘व्हॉइड मेन’वरून होणारी भांडणं याच जातीची. एक गट म्हणतो, कंपायलर घेतो म्हणजे बरोबर. दुसरा म्हणतो, हे सरळसरळ बेकायदा. १९८९ च्या मजकुरात मेनची दोन रूपं दिलेली आहेत आणि दोन्ही इंट परत करणारी आहेत. तिसरं रूप वापरलंत तर पुढे काय होईल याची हमी मानक देत नाही. १९९९ च्या आवृत्तीत एक खिडकी उघडली: एखाद्या कंपायलरला आणखी रूपं चालवायची असतील तर त्याने तसं लेखी नोंदवून चालवावीत. त्यामुळे व्हॉइड मेन चालवणारा सी कंपायलर तेवढ्याने मानकाबाहेर जात नाही, आणि तो चालवतो म्हणून व्हॉइड मेन सगळीकडची सीही होत नाही. (सी++ मध्ये मात्र वादाला जागा नाही, तिथे इंटच.)

कंपायलरकडून मानक मागतं तरी काय? वाचायला बसलं की थक्क व्हायला होतं, इतकं ते थोडं आहे. प्रोग्रामने व्याकरणाचा किंवा मानकाने घालून दिलेल्या एखाद्या निर्बंधाचा भंग केला, तर कंपायलरने निदान एक संदेश दिला पाहिजे. तो वॉर्निंग असो वा एरर, मानकाला त्याचं सोयरसुतक नाही. संदेश देऊन झाल्यावर कंपायलरने खुशाल चालणारी फाइल तयार करून द्यावी, तरी तो मानकाप्रमाणेच. एरर म्हणजे मनाई आणि वॉर्निंग म्हणजे आगंतुक सल्ला, ही वाटणी आपण केलेली आहे. चौदा वॉर्निंग येऊनही ‘शेवटी कंपाइल झालं’ म्हणून निःश्वास टाकणारा माणूस करारभंगाची नोटीस न वाचताच फाइल करून ठेवतो. आणि अनडिफाइन्ड बिहेवियरचा बराचसा भाग तर असा, की तिथे एका अक्षराचा संदेश देण्याचीही सक्ती नाही.

मर्यादांचं कलम तर मिस्कीलच आहे. एकात एक किती ब्लॉक, किती कंस, अशी यादी मानक देतं. १९९९ च्या आवृत्तीत १२७ पातळ्यांचे ब्लॉक आणि ६३ पातळ्यांचे कंस आहेत. कंपायलरला घातलेली अट काय, तर या सगळ्या मर्यादा गाठणारा निदान एक प्रोग्राम त्याला चालवता आला पाहिजे. एक! म्हणजे तो एकच प्रोग्राम ओळखून चालवणारा आणि बाकीच्यांवर गुडघे टेकणारा कंपायलर या कलमापुरता निर्दोष सुटतो. हे समितीला कळत नव्हतं असं नाही. मानकासोबतच्या समर्थनपर टिपणात तिने ते कबूल केलं आहे, वर असंही म्हटलं आहे, की असा निरुपयोगी कंपायलर घडवायला उपयुक्त कंपायलर करण्याहून जास्त डोकं लागेल. ‘मानकानुरूप’ ही गुणवत्तेची पदवी नाही हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

जीसीसीचं नाव घेऊन केलेला युक्तिवाद पहिल्याच पायरीवर घसरतो. कोणताही पर्याय न देता जीसीसी चालवला, तर तो आयएसओची सी धरून बसत नाही. ग्नूने वाढवलेली बोली चालवतो. मानकाची सी हवी असेल तर कोणत्या वर्षाची ते सांगावं लागतं, आणि वर पेडँटिक हा पर्याय जोडावा लागतो. तो जोडला की प्रोग्राम मानकाच्या कसोटीला उतरला असं कुणाला वाटू नये, असं जीसीसीची स्वतःचीच पुस्तिका बजावते. ज्या चुकांवर संदेश देणं मानकाला बंधनकारक आहे, त्या तेवढ्या तो दाखवतो. कंपायलर स्वतःच ‘मला प्रमाण मानू नका’ म्हणत असताना त्याच्या नावाने शपथा घेणं हा मोठा विनोद आहे.

विनोदाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १९८९ च्या मानकाने प्रॅग्मा नावाची सूचना आणली आणि तिचा अर्थ ज्या त्या कंपायलरवर सोपवला. जीसीसीचे कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांना ही कल्पनाच पसंत नव्हती. जीसीसीच्या १.१७ या आवृत्तीत प्रॅग्मा दिसताच कंपायलर काम सोडून हॅक किंवा रोग हा खेळ सुरू करायला बघे, आणि तेही नसतील तर ईमॅक्समध्ये हॅनॉयच्या मनोऱ्यांचं कोडं. सोपवलंय ना माझ्यावर, मग घ्या!

खेळ सुरू झालेला दिसतो तरी. खरी भांडणं होतात ती न दिसणाऱ्या करामतींवरून. जीसीसीच्या तक्रारवहीत २००७ मध्ये आलेली एक तक्रार गाजली. एका संख्येत १०० मिळवल्यावर ती मूळ संख्येपेक्षा मोठीच आहे ना, हे तपासणारी ओळ तक्रारदाराने कोडमध्ये घातली होती, ओव्हरफ्लो पकडण्यासाठी. जीसीसीने ती ओळच गाळली. त्याचा तर्क सरळ होता. चिन्हासहित संख्येचा ओव्हरफ्लो हे अनडिफाइन्ड बिहेवियर आहे. करार पाळणाऱ्या प्रोग्राममध्ये तो होणारच नाही. म्हणजे १०० मिळवलेली संख्या मोठीच असणार. मग तपासायचं काय? तक्रारदार संतापले, आणि त्यांचा संताप माणूस म्हणून कळतोही. पण त्यांची तपासणी अपघात होऊन गेल्यावर होत होती. मिळवण्याच्या आधी संख्या कमाल मर्यादेशी ताडून पाहिली असती, तर ती ओळ गाळण्याचा अधिकार कोणत्याच कंपायलरला नव्हता.

दोन वर्षांनी लिनक्सच्या कर्नेलमध्ये याहून महाग प्रकार उघडकीला आला. नेटवर्कच्या टन नावाच्या ड्रायव्हरमध्ये एका ओळीत पॉइंटरच्या आतली किंमत उचललेली होती, आणि पॉइंटर शून्य तर नाही ना, हे त्यानंतर तपासलं होतं. कंपायलर म्हणाला, ज्या अर्थी आत हात घालून झाला त्या अर्थी पॉइंटर शून्य नाही; तपासणी फालतू. ती गेली, आणि मशीनचा पूर्ण ताबा मिळवण्याची वाट हल्लेखोरांना मोकळी झाली. इथेही मानकाच्या एकाही कलमाचा भंग कंपायलरने केला नव्हता. दोन ओळींचा क्रम चुकला होता.

इथे पूर्वपक्षाला त्याचा सर्वांत भक्कम मुद्दा मांडू द्यायला हवा. तो म्हणेल, हे सगळं पोथीतलं झालं. व्यवहारात मानकच कंपायलरच्या मागून फरपटत जातं. सी++ च्या १९९८ च्या मानकात टेम्प्लेटसाठी एक्सपोर्ट नावाची सोय होती. ती उतरवली ईडीजी या कंपनीच्या फ्रंट-एंडने. जीसीसी आणि मायक्रोसॉफ्टने तिला हातही लावला नाही. म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर तेरा वर्षं जगातले बहुतेक लोकप्रिय सी++ कंपायलर मानकाबाहेर होते. शेवटी कोण झुकलं? २०११ मध्ये मानकातूनच एक्सपोर्टची ती सोय काढून टाकली गेली. सी भाषेतही धावताना लांबी ठरणारे अ‍ॅरे १९९९ मध्ये सक्तीचे होते. मायक्रोसॉफ्टने ते कधीच दिले नाहीत आणि २०११ मध्ये ते ऐच्छिक झाले. मग पूर्व दिशा कुणाची?

यातला इतिहास मला पूर्ण मान्य आहे, निष्कर्ष नाही. करार बदलता येतो, आणि एका पक्षाच्या हट्टामुळेही बदलतो. पण २०११ मध्ये जे बदललं ते लेखी बदललं, आणि त्या दिवसापासून दोन्ही पक्षांना लागू झालं. आज चालतंय म्हणून उद्या चालेल असा भरवसा लेखी मजकुराबाहेर कुठेच मिळत नाही. कर्नेलवाल्यांनी काय केलं ते पाहावं. ‘कंपायलर म्हणेल ती सी’ असं म्हणून ते बसले नाहीत. शून्य पॉइंटरच्या तपासण्या गाळू नकोस, ओव्हरफ्लो होणारच नाही असं धरून चालू नकोस, अशा सूचना ते जीसीसीला नावानिशी देतात, आणि त्या प्रत्येक सूचनेचा अर्थ जीसीसीच्या पुस्तिकेत छापलेला आहे. मुख्य कराराला जोडलेला हा पुरवणी करार झाला. मानकाबाहेर जाण्याचा हाच रीतसर मार्ग.

उरला प्रमाणपत्राचा मुद्दा. कंपायलर तपासून शिक्का मारायची कल्पना जुनी आहे. कोबोलसाठी अशा चाचण्या अमेरिकी नौदलात ग्रेस हॉपर यांच्या हाताखाली तयार झाल्या. सर्वांत कडक बंदोबस्त एडा या भाषेचा होता. ते नाव अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा ट्रेडमार्क होतं, आणि चाचण्यांत उतरल्याशिवाय कंपायलरला ते मिरवता येत नसे. १९८३ च्या एप्रिलमध्ये पहिला शिक्का मिळाला तो न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एडा/ईडीला. सेटल या अतिउच्च पातळीच्या भाषेत लिहिलेला हा प्रयोग भाषेचा अर्थ नेमका दाखवण्यासाठी होता, आणि त्याची गती गोगलगायीलाही हसू यावं अशी. अनुरूपतेत पहिला नंबर, रोजच्या कामाला निरुपयोगी. शिक्का खोटा नव्हता. तो वेगाबद्दल काही बोलतच नव्हता.

शिक्क्याची दुसरी मर्यादा उटा विद्यापीठाच्या मंडळींनी २०११ मध्ये दाखवून दिली. सीस्मिथ हे त्यांचं साधन आपोआप सी प्रोग्राम रचतं. तोच प्रोग्राम अनेक कंपायलरांना द्यायचा आणि उत्तरं ताडून पाहायची. तीन वर्षांत ३२५ हून अधिक नवे दोष निघाले. तपासलेला प्रत्येक कंपायलर कधी ना कधी कोसळला, आणि गुपचूप चुकीचा कोडही प्रत्येकाने दिला. म्हणजे कंपायलर खरोखर करार मोडतात, शिक्का असो वा नसो. पण या प्रयोगाची खरी मेख पुढे आहे. सीस्मिथची बरीचशी मेहनत एकाच गोष्टीत गेली: रचलेल्या प्रोग्राममध्ये अनडिफाइन्ड बिहेवियर येऊ न देण्यात. ते एकदा शिरलं की दोन कंपायलरांची उत्तरं वेगळी आली तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ‘जीसीसी बिघडला’ म्हणणाऱ्यांनी एवढं पथ्य पाळलं, तर त्यांच्या तक्रारींपैकी किती शिल्लक राहतील याची मला दाट शंका आहे.

त्याच प्रयोगात एक कंपायलर वेगळा उठून दिसला. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत झाव्हिए लेरवा यांनी घडवलेला कॉम्पसर्ट कॉक या साधनात गणिती सिद्धता देऊन बांधलेला आहे. त्याच्या सिद्ध न केलेल्या कडेच्या भागांत दोष सापडले. सिद्ध केलेल्या मधल्या भागात, सुमारे सहा सीपीयू-वर्षं खर्च करूनही, चुकीचा कोड सापडला नाही. मात्र या सिद्धतेलाही अट आहे: मूळ प्रोग्रामला कॉम्पसर्टच्या नियमांनुसार निश्चित अर्थ असला पाहिजे, तरच यंत्रभाषेतला कोड त्या अर्थाला धरून राहील. शिवाय चिन्हासहित ओव्हरफ्लोसारख्या काही गोष्टींना कॉम्पसर्टने स्वतःचा अर्थ लावून दिला आहे. त्या भरवशावर लिहिलेला प्रोग्राम उचलून जीसीसीकडे नेला, तर तो अर्थ सोबत येत नाही.

पुण्यात गाड्यांच्या ब्रेकसाठी आणि इंजिनासाठी सी लिहिणाऱ्यांच्या टेबलावर हा वाद रोजचा आहे. आयएसओ २६२६२ हे वाहनसुरक्षेचं मानक त्यांना विचारतं, की ज्या साधनाने कोड बनवलात त्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवलात? तिथे ‘आमचा कंपायलर मानकाप्रमाणे आहे’ हे उत्तर पुरत नाही. कोणती आवृत्ती, कोणते पर्याय, ऑप्टिमायझेशनची कोणती पातळी, कोणती चिप, हे सगळं नोंदवावं लागतं. एका पातळीवर घेतलेल्या चाचण्या दुसऱ्या पातळीला लागू होत नाहीत. स्वतःच्या बाजूची काळजी म्हणून मिस्रा सीचे नियम येतात, आणि त्यातल्या कितीतरी नियमांचा रोख अनडिफाइन्ड बिहेवियरकडेच आहे. प्रमाणपत्राची प्रत सगळेच फाइलला लावतात. अनुभवी माणसं विक्रेत्याकडून आधी मागून घेतात ती त्या आवृत्तीतल्या माहीत असलेल्या दोषांची यादी, आणि आपला कोड त्यातल्या कोणत्या दोषाच्या वाटेवर येतो का, ते एकेक करून तपासतात.